सगळ्या गावाला एकच तोंड

रॉझलिनने लोणी काढायला फ्रिज उघडला आणि अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावर शवपेटीत निजलेले डीकन होरेस गँट तेवढे दचकले नाहीत. बाकी सगळं घर दचकलं.

"बटाट्याच्या सॅलडमागे कुणाचं तरी तोंड आहे!"

"माझं आहे ते," केझाया म्हणाली. तिच्या कडेवर तिचा मुलगा मायका होता आणि त्याच्या मुठीत तिच्या कानातली रिंग. "म्हणजे माझं तोंड नव्हे. मी केलेलं. मेण गार राहिलं नाही तर ओठांच्या कडा बसतात."

"अन्नात ठेवलंस?"

"डब्यात ठेवलं होतं. झाकण लावून."

"झाकण मी काढलं," वर्नेलआत्या मॅकरोनीच्या भांड्यावरून नजर न उचलता म्हणाल्या. "मला ते मॅकरोनीवर हवं होतं. आणि रॉझ, मढ्यांच्या घरात जन्मलीस, मढ्यांच्या घरात दात आले तुला, आणि मेणाच्या तोंडाला घाबरतेस? अटलांटाला जाऊन पार नाजूक झालीस ग."

रॉझलिनने हातरुमालात धरून ते तोंड बाहेर काढलं आणि ओट्यावर, मक्याच्या पावाशेजारी पालथं ठेवून दिलं. केझायाने पुढे होऊन ते हळूच सुलटं केलं. पालथं ठेवलं तर वरचा ओठ चेपतो.

रॉझलिन कशासाठी आली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं: वडिलांनी धंदा विकून टाकावा म्हणून. सकाळी चर्चमध्ये ती वडिलांच्या, क्लिओफस यांच्या, शेजारी बसली, त्यांचं स्तोत्रांचं पुस्तक तिनेच धरलं, आणि मागच्या बाकावरून केझायाला दिसत होतं की पुस्तक रॉझलिनच्या हातात असूनही त्याचं पान थरथरत होतं, कारण सासऱ्यांचा हात त्याच्या कडेला टेकलेला होता. ते हात वसंतापासून थरथरत होते. वर्षअखेर आपण परवाना परत करणार, हे क्लिओफस यांनीच सांगून टाकलं होतं. आणि साऊथ कॅरोलायनात नियम असा, की मृतांना अंत्यदर्शनासाठी तयार करणाऱ्या फ्युनरल होमच्या पाटीमागे परवाना असलेला एक तरी माणूस उभा हवा. तो नसेल तर 'लाइल्स अँड सन्स' ही पाटी नुसती लाकडाची फळी.

सन्स म्हणजे आता एकटा टेरन्स, केझायाचा नवरा. शववाहिका टेरन्सच्या हातात पाळण्यासारखी चालायची. रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर केव्हा हात ठेवायचा आणि केव्हा नाही हे त्याला उपजत कळायचं. पण तयारीच्या खोलीचा वास नाकात गेला की तो चुन्यासारखा पांढरा पडायचा, आणि टेरन्सच्या रंगाच्या माणसाने पांढरं पडणं हे काही सोपं काम नव्हे. हे काम शिकवणाऱ्या मॉर्टिशियनच्या शाळेत त्याने एक सत्र काढलं. त्यातलं निम्मं जमिनीवर.

म्हणून केझाया गेली. कुणी पाठवली नव्हती. संध्याकाळचे वर्ग, तासाभराचा रस्ता, पोटात मायका, मग मागच्या सीटवर मायका. शरीररचना झाली, रसायनं झाली, कायदा झाला, शोक करणाऱ्यांशी कसं बोलावं तेही झालं. सासऱ्यांच्या हाताखालची वर्षाची उमेदवारी संपत आली होती. राहिला होता एकच विषय: बिघडलेला चेहरा मेणाने पुन्हा घडवणं. त्यात तिचं नाक पास झालं, कान पास झाला, पापणी तर वर्गात फिरवून दाखवली. तोंडात ती नापास झाली. फेरपरीक्षा उद्या होती. उद्या जमलं नाही तर हा विषय परत थेट पुढच्या वसंतात. तोवर पदविका नाही, पदविका नाही म्हणून देशपातळीवरची परीक्षा नाही, ती नाही म्हणून राज्याचा परवाना नाही. आणि पुढच्या वसंतात पाटीवर दुसऱ्याचंच नाव असणार होतं.

"त्या परीक्षा घेणाऱ्या मिस ड्रेटननी नक्की काय म्हटलं तुला?" जेवायला बसल्यावर रॉझलिनने विचारलं. आवाज मऊ होता, आणि रॉझलिनचा मऊ आवाज म्हणजे तिच्या नोकरीतला, विमा कंपनीत दावे नाकारायचा आवाज.

"म्हणाल्या, तुझी सगळी तोंडं एकाच बाईची आहेत. बाई गोड आहे. पण फोटोतला माणूस निवृत्त पोस्टमन आहे."

वर्नेलआत्यांना ठसका लागला. त्यांनी गोड चहाचा ग्लास उचलला आणि त्याच्याआड बराच वेळ राहिल्या.

"पपा," रॉझलिन वडिलांकडे वळली, "धंदा विकत घेणारा बुफर्ड काही वाईट माणूस नाही."

"वाईट कोण म्हणतंय?" आत्या ग्लासाआडून म्हणाल्या. "चकचकीत आहे. त्याच्याकडून निघालेली माणसं नुकत्याच धुऊन आणलेल्या गाड्यांसारखी दिसतात."

"तो पाटीवर आपलं नाव राहू देतोय, आत्या. त्याच्या नावाखाली."

"किती दिवस?"

"रंग टिकेल तोवर," क्लिओफस म्हणाले.

ते इतकंच बोलले आणि कोंबडीच्या तंगडीकडे बघत राहिले. काट्याने खाणं त्यांनी सोडलं होतं. तंगडी हातात धरली की थरथर कुणाला कळत नाही, असं त्यांना वाटायचं आणि कुणी ते मोडून काढत नसे. त्यांच्या आजोबांनी, सुतार माणसाने, गोऱ्यांच्या स्मशानात जागा नसलेल्यांसाठी पहिली पेटी केली ती याच घराच्या मागच्या पडवीत. ही गोष्ट या टेबलावर इतक्यांदा सांगून झाली होती की आता कुणी ती सांगत नव्हतं, नुसती बाजूला बसलेली असायची.

"मला विचाराल तर," रॉझलिन म्हणाली, "केझाया मेहनत करते. मी कधी नाही म्हटलं? पण तिला सहा महिन्यांचं बाळ आहे. ती झोपते केव्हा? आणि खरं सांगायचं तर, तिचा हात त्या कामाचा नसेल. नसतो काहींचा. टेरन्सचा नव्हता."

"माझा हात होता," स्वयंपाकघरातून टेरन्स ओरडला. तो बर्फ आणायला गेला होता. "माझं नाक नव्हतं."

केझाया बाळाला कुस्करलेलं रताळं भरवत होती. डोळे भरून येतील म्हणून तिने नजर चमच्यावर ठेवली. तिला बोलायचं होतं. तिला सांगायचं होतं की पहिल्यांदा सासऱ्यांना काम करताना पाहिलं तेव्हा तिने नोकरी शोधायचं थांबवलं. एका थकलेल्या, आजाराने खाल्लेल्या बाईचा चेहरा त्यांनी तासाभरात असा परत आणला की बाईची नात आत येऊन म्हणाली, 'आजी, किती दिवसांनी भेटतेस!' त्या दिवसापासून केझायाला जगात दुसरं काही शिकावंसं वाटलं नव्हतं. पण हे सगळं रताळ्याच्या चमच्यावरून कसं सांगणार?

"टेरन्स, बर्फ आणतोयस की बनवतोयस?" आत्यांनी हाक मारली.



टेरन्स दारात उभा होता. एका हातात बर्फाचं भांडं, आणि दुसऱ्या हातात, तळव्यावर, अंडं धरावं तसं ते मेणाचं तोंड.

"हे कुणी केलं?"

"मी," केझाया म्हणाली. "पोस्टमनचं आहे. सराव करत होते. खाली ठेव, हाताच्या उबेने मऊ पडतं."

"केझाया," तो म्हणाला, "ही मम्मा आहे."

रॉझलिन उठली. मघाशी जे तोंड तिने रुमालात धरून लांब ठेवलं होतं, त्याच्यावर ती आता वाकली. खालचा ओठ डावीकडे किंचित आत ओढलेला. कोपरा वर जाऊ पाहणारा, पण कुणीतरी त्याला थोपवून धरलेलं. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की लव्हिनिया लाइल्स यांचं तोंड असंच व्हायचं: हसू दाताखाली धरलेलं, आणि सुटेल की काय म्हणून बाकावरची सगळी मुलं त्यांच्याकडे टक लावून.

"देवा रे," रॉझलिन म्हणाली, आणि विमा कंपनीचा आवाज कुठल्या कुठे गेला. "पण तू... तू तर मम्माला पाहिलंही नाहीस."

"नाही," केझाया म्हणाली. तिचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्षं झाली होती. घरात फोटो होते, पण सगळ्या फोटोंत लव्हिनिया दात दाखवून खदखदून हसलेल्या. मिटलेलं तोंड एकाही फोटोत नव्हतं.

वर्नेलआत्यांनी काटा ताटलीत ठेवला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"चला. निघालं एकदाचं."

"काय निघालं?" क्लिओफस यांनी विचारलं.

"क्लिओ, रागावू नकोस."

"काय निघालं, वर्नेल?"

"तुझी बायको गेल्यापासून," आत्या म्हणाल्या, "मी लव्हिनियाच्याच ओठांना लिपस्टिक लावतेय. तू ज्यांचं ज्यांचं तोंड मेणाने केलंस, त्या सगळ्यांना. बाई असो, बाप्या असो. तो जेरोम ट्रॅप आठवतो? ट्रकवाला? दारातून वाकून यायचा? त्यालाही लव्हिनियाचेच ओठ होते. पेटीत असा पडला होता, जशी काही कुणाची चहाडी ऐकलीय आणि सांगायची नाहीये."

टेरन्सच्या तोंडून हसू निसटलं. त्याने ते बर्फाच्या भांड्यात लपवलं.

"गावात कुणी कधी बोललं नाही?" रॉझलिनने विचारलं.

"बोलतात की! लाइल्सकडून निघालेला माणूस समाधानी दिसतो म्हणतात. बुफर्डकडे चकाकतो, लाइल्सकडे समाधानी. म्हणून तर लोक येतात. मी कशाला तोंड उघडू?" मग त्यांनी केझायाच्या हातावर हात ठेवला. "आणि ही पोर कुणाकडे शिकली? याच्याकडे. याचा हात बघून हिचा हात वळला. पोरी, तुझा हात अगदी कामाचा आहे. फक्त उसना आहे."

क्लिओफस उठले. खुर्ची मागे सरकवली, रुमालाने बोटं एकेक करून पुसली आणि कुणाकडे न बघता जिना उतरून खाली गेले.

कुणी काही बोलायच्या आत केझायाच्या मनात दुसरंच काही लख्ख झालं. डीकन होरेस. डीकनांचे ओठ आजारात फाटून गेले होते. काल तिनेच ते मेणाने केले होते. सासऱ्यांनी मागे उभं राहून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, 'झकास.' आणि जेवणं आटोपली की डीकनांच्या पत्नी, चर्चच्या रीतीने 'सिस्टर' गँट, नवऱ्याला बघायला येणार होत्या.

"रॉझ, मायकाला घे," ती म्हणाली आणि धावली.

दर्शनाच्या खोलीत क्लिओफस पेटीच्या कडेला उभे होते. डीकन होरेस गँट, चर्चचे कोषाध्यक्ष, उभ्या हयातीत कुणी हसताना न पाहिलेले, काळ्या सुटात, हातांची घडी घालून, ओठांत चोरटं हसू दाबून पडले होते.

"शोभत नाही ग डीकनला," क्लिओफस म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत असं वाटून केझाया जवळ गेली, तर ते हसत होते. आणि अगदी जवळ गेली तर दोन्ही.

"पपा, बसा ना."

"लव्हिनियाला मीच तयार केलं. सगळे म्हणाले, करू नको, बुफर्डला बोलाव. बुफर्डला! तो तिला चकचकीत करून देणार. बाकीचं सगळं झालं, तोंड होईना. पुसायचो, परत करायचो. मग एकदम झालं. एकदम तीच." त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले, जणू दुसऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू. "त्यानंतर यांना मी काही विचारलं नाही. यांनीही मला सांगितलं नाही."

"मी त्यांना कधी भेटले नाही," केझाया म्हणाली, "आणि त्यांचं तोंड मला पाठ आहे."

क्लिओफस यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले. "आवडलं असतं तिला. म्हणाली असती, माझे ओठ त्या ट्रकवाल्याला दिलेस, निदान विचारायचंस तरी." मग आवाज बदलला, तयारीच्या खोलीतला झाला. "पूस ते. माझ्याच्याने होणार नाही. मी उभा आहे."

नियमाप्रमाणे तेवढं पुरे होतं. परवाना असलेला माणूस शेजारी उभा, उमेदवाराचा हात कामाला. केझायाने कालचं मेण अलगद उतरवलं. मग सिस्टर गँट यांनी दिलेला फोटो समोर उभा केला. फोटोत होरेस सैन्याच्या गणवेशात, विशीतले, ओठ ताठ.

"यात काही नाही, पपा. यात ते फोटोवाल्याचं ऐकतायत."

"मग?"

तिने क्षणभर विचार केला आणि भिंतीवरच्या फोनकडे गेली. क्लिओफस यांनी भुवया उंचावल्या. या घरात मृताच्या माणसाला फोन करायचा तो फुलं, गाणी, गाड्या याबद्दल. मागे राहिलेल्या बायकोला नवऱ्याच्या ओठांबद्दल विचारायचं?

"सिस्टर गँट? लाइल्सकडून केझाया. नाही, नाही, सगळं ठीक आहे. एक विचारायचं होतं. डीकन... ते नेहमी काय म्हणायचे?"



"म्हणायचा?" सिस्टर गँट म्हणाल्या. "अगं, हा माणूस काही म्हणायचाच नाही. हम्म्. बस. होरेस, छप्पर गळतंय: हम्म्. होरेस, धाकटीने न सांगता लग्न केलं: हम्म्. आयुष्य गेलं माझं त्या हम्म् पायी."

"कसा हम्म् तो?"

"कसा म्हणजे?"

"करून दाखवाल?"

मग फोनमधून एक खोल, नाकातला, मिटल्या तोंडाचा आवाज आला. "हा 'हो' चा. आणि हा," दुसरा, किंचित वर जाणारा, "हा 'नाही' चा. आणि एक होता, तो म्हणजे मी आधीच करून टाकलंय पण तुला सांगणार नाही. तो मला येत नाही बाई. तो फक्त त्यालाच यायचा."

केझायाने फोन ठेवला आणि वळली, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सगळे उभे. वर्नेलआत्या, कडेवर मायकाला घेतलेली रॉझलिन आणि सर्वांत मागे, रुमालाने नाक गच्च दाबून, टेरन्स.

"मला येतो," रुमालाआडून टेरन्स म्हणाला.

"काय?"

"तिसरा. आम्ही दोघे समूहगानात खर्जात. इतकी वर्षं शेजारी उभा राहतोय मी. वर्गणी जमवायची वेळ आली आणि पाळकसाहेबांनी विचारलं, डीकन, छपराचा निधी किती झाला, की..." त्याने रुमाल खाली घेतला. तो पांढरा पडू लागला, तरी दोन पावलं आत आला, तीन, पेटीपाशी आला, बायकोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हम्म्."

"परत," केझाया म्हणाली. तिची बोटं हलू लागली होती.

"हम्म्."

"उजवा कोपरा आत जातोय की खाली?"

"आत. दाताने आतून धरल्यासारखा. हम्म्."

"असं नव्हे," आत्या मध्ये पडल्या, "हनुवटी वर यायची त्याची. हम्म्!"

"आत्या, ही तुमची हनुवटी आहे. हम्म्," रॉझलिन म्हणाली, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन ओशाळली, पण थांबली नाही. "आणि वरचा ओठ लांब. लहानपणी मला खाऊ द्यायचे ना, तेव्हा. हम्म्."

पेटीभोवती उभं राहून लाइल्स घराणं हुंकारत होतं, खर्जात, मध्यात, नाकात. मायकाने सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, ओठ मिटले आणि लाळेचा एक बुडबुडा काढून म्हणाला, "म्म्म्." क्लिओफस हसता हसता पेटीच्या कडेला टेकले. आणि या सगळ्या गोंगाटात केझाया, जीभ दातांत धरून, एक रेघ ओढत होती. मेण उबदार होऊन बोटाखाली चालत होतं. एकदा कोपरा वर जाऊ लागला, सवयीने, गोड, डावीकडे. तिने थांबून तो पुसला.

टेरन्स खुर्चीत बसला होता, डोकं गुडघ्यांत. "झालं का?" त्याने खालूनच विचारलं.

"झालं," क्लिओफस म्हणाले. 'झकास' नाही म्हणाले. नुसतं, "झालं."

सिस्टर अ‍ॅडलीन गँट आल्या त्या चर्चच्याच टोपीत. आत्यांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. पेटीपाशी त्या थांबल्या. पर्स दोन्ही हातांनी छातीशी. त्यांनी पाहिलं. पाहत राहिल्या.

"हा बघा," सिस्टर गँट हळू म्हणाल्या. मग जोरात, "हा बघा कसा पडलाय! होरेस गँट, तू आजारी पडायच्या आधी मी तुला काय विचारलं होतं? बागेच्या दाराचं कुलूप तू बदललंस की नाही? विचारलं होतं की नाही मी?" त्या पुढे वाकल्या. "बदललंस ना? बदललंस, आणि किल्ली कुठे ठेवलीस ते सांगितलं नाहीस. तेच तोंड! अगदी तेच! आजारपणात सगळं गेलं याचं, मला वाटलं हेही गेलं..."

त्यांनी क्लिओफस यांच्याकडे पाहिलं आणि गालांवरून पाणी वाहत असताना मोठ्या डौलाने म्हणाल्या, "ब्रदर लाइल्स, जरा सगळे बाहेर व्हा. आमचं बोलणं व्हायचंय."

बाहेरच्या ओसरीवर सगळे ओळीत उभे राहिले. बंद दारातून सिस्टर गँट यांचा आवाज येत होता, चढत, उतरत, मध्ये उत्तरापुरता थांबत.

"कालचं तोंड तसंच राहिलं असतं तर?" टेरन्स म्हणाला.

"तर तिने कुणा परक्याला निरोप दिला असता," क्लिओफस म्हणाले. ते केझायाकडे बघत होते. "मी कधी विचारलंच नाही ग कुणाला. फोटो घ्यायचो. विचारायचं सुचलं नाही. हे तू माझ्याकडे शिकली नाहीस."

बाळ भुकेलं होतं, केझायाच्या पोलक्याचा पुढचा भाग दुधाने ओला झाला होता, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की ओसरीच्या कठड्याला धरून राहावंसं वाटलं.

"पपा, बुफर्डला फोन मी करते," रॉझलिन म्हणाली.

"काय सांगणार आहेस?"

"नाही म्हणून. वर्षअखेरीपर्यंत तरी नाही. मला नाही म्हणायचा सराव आहे, पपा. त्याचाच पगार मिळतो मला." तिने मायकाला केझायाच्या हातात दिलं, आणि देताना तिचा हात जरा जास्त वेळ केझायाच्या हातावर राहिला. "पण तू उद्या पास हो हं. नाहीतर मी खोटी पडेन, आणि मला खोटं पडलेलं चालत नाही."

"मम्माचं तोंड?" टेरन्सने विचारलं. "ते वर ओट्यावर आहे."

"ते फ्रिजमध्ये ठेव," क्लिओफस म्हणाले. "झाकण लावून. सॅलडमागे नको. मला दिसेल असं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या लांबलचक टेबलावर मिस ड्रेटन यांनी केझायासमोर फोटो ठेवला. पन्नाशीची एक बाई, रंगीत ब्लाउज, मागे कसलंसं कुंपण. फोन करायला इथे कुणी नव्हतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. केझायाने मेण हातात घेतलं आणि ऊब धरेपर्यंत मळत बसली. मग बोटं चालू लागली, आणि बाई म्हटल्यावर ती आपल्या ओळखीच्या वाटेनेच निघाली. खालचा ओठ, डावीकडे, किंचित आत.

"आज नको, मम्मा," केझाया तोंडातल्या तोंडात म्हणाली, आणि तो कोपरा अंगठ्याने सपाट केला. लव्हिनिया लाइल्स यांना मम्मा म्हणण्याची ती तिची पहिलीच वेळ.

मग ती फोटोकडे बघत राहिली. मिस ड्रेटन दोनदा येऊन गेल्या. तिच्यापुढे काहीच झालेलं नव्हतं. फोटोतली बाई कुणाकडे तरी बघत होती, फोटोवाल्याच्या खांद्यावरून मागे, आणि तिने ओठ असे मिटले होते की आत एक वाक्य उभंच्या उभं अडकलेलं. केझायाने आपलेच ओठ तसे मिटून पाहिले. वाक्य कुठलं ते कळेना, पण ते किती लांब असेल हे कळलं. तिने काम सुरू केलं.

वेळ संपली. मिस ड्रेटन यांनी मेणाचा चेहरा दिव्याखाली फिरवून पाहिला. फोटो शेजारी धरला. वहीत तिच्या नावापुढे गुण लिहिले, त्याखाली 'उत्तीर्ण' लिहिलं आणि वही मिटली. जायला निघाल्या, पुन्हा वळल्या, चष्मा काढला आणि अगदी शाळेबाहेरच्या आवाजात विचारलं, "ही कुणावर रागावलीय ग?"

"ते नाही कळलं, मॅडम," केझाया म्हणाली. "पण चूक त्याचीच आहे."